दुधीचं फूल कधी उमलतं?

‘‘तुमी मला भाईर का काडलं?’’

सकाळचे साडेदहा वाजले होते. कराडच्या आमच्या टायपिंग क्लासमध्ये अकरा मशीन एकदम खडखडत होती. मी एका कानात बोट घालून दुसऱ्या कानाला रिसीव्हर लावून उभी होते. मला वाटलं, कुणाच्या तरी मुलीचं नाव आम्ही क्लासमधून कमी केलंय.

‘‘कुठल्या बॅचला होती मुलगी?’’

‘‘मुलगी कुटली? मीच! मी हौसाक्का खोत, बेलेवाडीची. काल तुमच्या त्या आळ्यातनं मला भाईर काडलंसा. म्या काय चोरी केली?’’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मुलींना हातानंच थांबायची खूण केली आणि खुर्चीत बसले.

‘आळं’ ही माझी साइट होती. म्हणजे क्लास वडिलांचा, साइट माझी, तिच्यावरचा फोन नंबर मात्र क्लासचाच. झाडाच्या बुडाशी पाणी मुरावं म्हणून आपण गोल खळगं करतो ना, ते आळं. परसात, गच्चीत, डब्याडुब्यात भाजी लावणाऱ्यांनी मराठीत एकमेकांना विचारावं, सांगावं, एवढ्यासाठी मी ती चार वर्षांपूर्वी सुरू केली होती. दोन हजार नऊचा मे महिना आला तोवर सहाशेच्या वर सदस्य झाले होते. कुणी मिरचीच्या आकसलेल्या पानांचा फोटो टाकून धागा काढायचं, खाली वीस-पंचवीस प्रतिसाद यायचे. त्या गप्पा वाचताना मला माहेरी बसल्यासारखं वाटायचं. माझं लग्न झालेलं नव्हतं, तरीसुद्धा.

आणि मग त्या वर्षी कचरा आला.

रोज सकाळी साइट उघडावी तर दोन-तीनशे जाहिराती. जुगाराच्या, केस उगवायच्या औषधाच्या, नकली घड्याळांच्या, आणि काही अशा की मी क्लासमधल्या मुलींच्या समोर स्क्रीन झाकायची. सगळ्या इंग्रजीत नाहीतर रशियनमध्ये. हे काम माणसं करत नव्हती, यंत्रं करत होती. ती आपोआप सदस्य व्हायची आणि धाग्याधाग्यात जाहिरात चिकटवून जायची. मिरचीवाल्या बाईंचा प्रश्न अठरा जाहिरातींच्या खाली गाडला जायचा. बाई दोन दिवस वाट बघायच्या आणि परत यायच्याच नाहीत. मी हातानं पुसायची. पुसून होईतो नवीन शंभर.

त्यात पुण्याच्या ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आमची साइट होती, त्यांचं पत्र आलं. तुमच्या साइटवरून फार घाण पसरते आहे, आठ दिवसांत आवरा, नाहीतर आम्हाला ती बंद करावी लागेल. चार वर्षं सहाशे माणसांनी लिहिलेलं सगळं जाणार होतं.

साइट सांभाळायला माझ्या जोडीला एक गृहस्थ होते. साइटवर त्यांचं नाव ‘हरितपर्ण’, खरं नाव श्रीनिवास कवठेकर. सांगलीला एका वर्तमानपत्रात त्यांनी तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यावर ‘आळं’वर आले आणि कुणी काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर त्यांचं असायचं. मुद्देसूद, आणि एका वेलांटीचीही चूक नाही. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण फोनवर रोज बोलायचो. माझ्या डोळ्यांसमोर धोतर खोचून वाफ्यात उभा असलेला, चिखलानं भरलेल्या हातांचा दांडगा म्हातारा होता.

पत्र आलं त्याच दिवशी कवठेकरांनी मला एक यादी सांगितली.

‘‘डुबल मॅडम, लिहून घ्या. जुगार. गोळ्या. घड्याळ. फुकट. आज हे लोक इंग्रजीत येतायत, उद्या मराठीत येतील. यातला शब्द ज्याच्या लिखाणात आला, त्याचा मजकूर अडवायचा. आणि एकच मजकूर तीनदा आला की खातं बंद. दयामाया नाही.’’

मी तसं करून टाकलं, फक्त खातं बंद करायचं बटण माझ्या हाती ठेवलं. दुसऱ्याच दिवशी चिपळूणच्या एका सदस्याचा ‘शेणखताच्या गोळ्या कशा वळाव्यात’ हा लेख अडकला. मी तो सोडवला आणि कवठेकरांना काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी या चाळणीनं मला एक खातं दाखवलं. मजकूर सदतीसदा, सदतीस वेगवेगळ्या धाग्यांत, अक्षरन् अक्षर तोच:

‘गावटी दुदीचं बी हाय पायजे का फुकट हाय हौसाक्का’

मी हसले. मराठीतसुद्धा आले की हे, असं म्हणाले आणि ‘कायमचं बंद’ या बटणावर माझ्या हातानं टिचकी मारली.

आणि आता ते जाहिरातीचं यंत्र फोनवर मला जाब विचारत होतं.

‘‘आक्का,’’ मी म्हटलं, ‘‘चूक झाली. पण तुम्ही एकच गोष्ट सदतीस ठिकाणी का लिहिलीत?’’

‘‘मंग? सदतीस घरं व्हती न्हवं? बी वाटायला निगालं तर बाई एकाच दारात जाती का?’’

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

‘‘मी रविवारी तुमच्याकडे येते,’’ मी म्हटलं.

‘‘या. पर ताकाला या, चहा मी करत न्हाय.’’

कवठेकरांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे नियमावर बोट ठेवतील. ते म्हणाले, ‘‘यादी माझी होती. तीस वर्षांत माझ्या हातून तीन चुका छापून गेल्या. तिन्ही वेळा मी त्या माणसाच्या घरी जाऊन आलोय. मी इस्लामपूरच्या स्टँडवर थांबतो.’’

इस्लामपूरच्या स्टँडवर मी दांडगा म्हातारा शोधत होते. शेवटी एक बारीक, गोरेपान गृहस्थ पुढे आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, खिशाला लाल पेन. त्यांचे हात मी पाहिले. पुजाऱ्याचे असावेत इतके स्वच्छ.

‘‘डुबल मॅडम ना? मला वाटलं होतं, तुम्ही पन्नाशीच्या असाल.’’

‘‘मला वाटलं होतं, तुम्ही पैलवान असाल,’’ मी म्हटलं. ते दचकले आणि मग हसले. चार वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

शिराळ्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत बेलेवाडी. हौसाक्काचं घर शोधावं लागलं नाही. दारापुढे गाडीएवढा मांडव होता, त्यावर जुन्या वाळल्या वेली, आणि खाली बाजेवर पाय पसरून बसलेली हौसाक्का. पासष्टीच्या पुढची, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गुडघ्यांना एरंडाची पानं बांधलेली. शेजारी तिची पुतणसून सुरेखा उभी होती. गावातलं कॉम्प्युटरचं सेंटर तीच चालवायची. सातबारा काढायला आलेल्या लोकांच्या मधल्या वेळात तिनं चुलतसासूला टायपिंग शिकवलं होतं.

‘‘माझीच चूक,’’ सुरेखा म्हणाली. ‘‘एक वाक्य लिहायला आत्त्यांना अर्धा तास लागायचा. म्हणून मी उचलून डकवायचं कसं ते दाखवलं. मग त्या थांबायलाच तयार होईनात.’’

‘‘का थांबू? फुकट द्यायचं तर भ्यायचं कुनाला?’’ हौसाक्का म्हणाली आणि आमच्या हातात ताकाचे पेले दिले.

कवठेकरांनी पेला खाली ठेवला, हात जोडले. ‘‘आक्का, ‘फुकट’ हा शब्द मी चुकीचा ठरवला होता. माफ करा.’’

‘‘आता बया, मास्तर, हात कशाला जोडताय. बसा.’’

त्यांना मास्तर म्हणायचं तिनं बघताक्षणीच ठरवून टाकलं होतं. मग तिनं सुरेखाला आतून एक वाळका भोपळा आणायला सांगितला. हंड्याएवढा, देठाकडे कापून लाकडाचं बूच बसवलेला. आत राख, आणि राखेत बी.

‘‘ही माज्या आजेसासूची दुदी. हातभर लांब न्हाय व्हत, आखूड आन् गोल. पर शिजली की लोण्यावानी. आमच्या भावकीत आता कोन लावत न्हाय, समदी इकतचं पाकीट आनत्यात. मी लावायची. तीन वर्सांमागं गुडघं गेलं. मांडवावर येल चडवायला कोन चडंल? बी तीन वर्सांचं झालं. आता मातीत न्हाय गेलं तर मेलं म्हना.’’

ती हे रडत सांगत नव्हती. दळण आणायला सांगावं तसं सांगत होती.

‘‘मग गावात का नाही वाटलं?’’ मी विचारलं.

‘‘लई जन आलं. बाजारातलं व्यापारी आलं, एकजन तर जीपगाडी घिऊन आला. पर दारात आलेल्याला मी येक सवाल करते. जमलं तर बी. न्हाय तर ताक पिऊन जावा.’’

‘‘कसला सवाल?’’ कवठेकरांनी विचारलं.

आक्कानं डोळे बारीक केले. ‘‘तुमीच सांगा की मास्तर. तुमी त्या आळ्यात समद्यांस्नी शिकिवताय. दुदीचं फूल कवा उमलतं?’’

मी कवठेकरांकडे बघितलं. हे तर त्यांच्या डाव्या हातचा मळ. ते खाकरले. ‘‘दुधी म्हणजे काकडीच्या कुळातला वेल. या कुळातली फुलं साधारणपणे…’’ आणि ते थांबले. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मांडवाखाली कोंबडी माती उकरत होती.

‘‘खरं सांगू का आक्का?’’ ते म्हणाले. ‘‘मला माहीत नाही.’’

‘‘कदी लावलीच न्हाय व्हय दुदी?’’

‘‘दुधी नाही. काहीच नाही. मी आजवर एक रोप लावलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या हिला झाडांचं वेड होतं. ती गेल्यावर तिची पुस्तकं राहिली. ती वाचून वाचून मी लोकांना सांगत आलो.’’ मग ते माझ्याकडे वळले. ‘‘डुबल मॅडम, तुम्हाला सांगायला हवं होतं. माझं नाव कमी केलंत तर माझी हरकत नाही.’’

चार वर्षं ज्या माणसानं सहाशे जणांच्या टोमॅटोची काळजी वाहिली, त्यानं मातीला बोट लावलेलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण ते शाळेत अंगठे धरून उभ्या असलेल्या पोरासारखे दिसत होते आणि माझ्या पोटातून हसू वर येत होतं.

माझ्या आधी हौसाक्काच हसली. अशी हसली की बाज करकरली.

‘‘सुरेखे, रुमाल आन. मास्तराला पयलं बी.’’

‘‘पण मला उत्तर आलं नाही!’’

‘‘आवं, जीपवाला म्हनला सकाळी. योक म्हनला दुपारी. योक म्हनला, बारा म्हैने उमलतं. समद्यांनी ठोकून दिलं. ठावं न्हाय म्हननारं तुमीच पयलं. ज्याला ठावं न्हाय म्हनता येतं, त्यो शिकतोय. लबाड मानूस कदी म्हनत न्हाय.’’ तिनं राखेत हात घातला आणि मूठ भरून बी त्यांच्या त्या स्वच्छ तळहातांवर ओतलं. राख त्यांच्या शर्टाच्या बाहीवर सांडली. त्यांनी झटकली नाही.

‘‘सांजच्याला,’’ ती म्हणाली. ‘‘दिस मावळतीला लागला की उमलतं. पांडरंधोट. लावा आन् बगा.’’

परतीच्या एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो. शिराळा मागे पडला आणि कवठेकर एकदम सीटवर ताठ झाले.

‘‘मॅडम, यंत्र कधी ‘माहीत नाही’ म्हणतं का?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘सदस्य होताना आपण नाव विचारतो, गाव विचारतो. ही यंत्रं काय करतात? जी चौकट दिसेल तिच्यात काहीतरी भरतात. ठोकून देतात. आपण तिथे आक्काचा प्रश्न ठेवला तर? मराठीत. आणि खाली एक ओळ, माहीत नसेल तर तसं लिहा.’’

मी पर्समधून पेन काढलं आणि तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.

‘‘ज्याला माहीत आहे तो आत. ज्याला माहीत नाही आणि तसं म्हणतो, तोही आत,’’ ते म्हणाले. ‘‘बाकीचे ताक पिऊन जाऊ देत.’’

कंडक्टरनं मागे वळून बघितलं, इतक्या मोठ्यानं मी हसले.

कंपनीनं दिलेल्या आठ दिवसांतले दोनच उरले होते. सोमवारी दुपारी क्लास सुटल्यावर मी प्रश्न बसवला. शब्दांची जुनी यादी आणि आधीच आत शिरलेल्या यंत्रांची खाती काढून टाकली. मंगळवारी सकाळी साइट उघडली आणि सांगलीला फोन लावला.

‘‘किती आले?’’ कवठेकरांचा आवाज चढलेला होता.

‘‘सदस्य व्हायला एकशे चौदा अर्ज. पण एकही जाहिरात साइटवर नाही, सगळ्या दारातच अडल्या.’’

‘‘उत्तरं वाचा!’’

मी वाचायला लागले. पहिल्यानं उत्तराच्या चौकटीत औषधाच्या दुकानाचा पत्ता दिला होता. दुसऱ्यानं इंग्रजी मुळाक्षरं उलटीसुलटी. तिसऱ्यानं रशियनमध्ये काहीतरी. दुधीचं फूल कधी उमलतं, तर नकली घड्याळं निम्म्या दरात. आम्ही दोघं फोनवर इतकं हसत होतो की टायपिंगच्या मुली मशीन थांबवून माझ्याभोवती गोळा झाल्या. एकशे आठ यंत्रं होती. सहा माणसं निघाली.

‘‘सहाजणांचं सांगा,’’ कवठेकर म्हणाले, ‘‘सावकाश.’’

‘‘एक, लातूरचे. ‘दिवेलागणीला.’’’

‘‘वा!’’

‘‘मालवणच्या बाई. ‘तिन्हीसांजेक. माझ्या न्हाणीमागे वेल असा.’’’

‘‘घ्या.’’

‘‘नागपूरचे. ‘सायंकाळी, पण ढग असले तर थोडं आधीच.’’’

‘‘हे मलाही माहीत नव्हतं! घ्या, घ्या.’’

‘‘दोघांनी नुसतंच ‘माहीत नाही’ लिहिलंय. आणि एक जालन्याची मुलगी आहे. तिनं लिहिलंय, ‘माहीत नाही. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या सांगणार नाही, तूच लाव आणि बघ.’’’

पलीकडे कवठेकरांनी रिसीव्हर बाजूला धरला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

‘‘हिला आधी घ्या,’’ ते म्हणाले.

कंपनीला मी दोन दिवसांची आकडेवारी पाठवली. तिथल्या मुलानं उलट फोन करून विचारलं, हे तुम्ही काय केलंत, आम्हालाही सांगा. मी सांगितलं. तो विदर्भातला होता. प्रश्नाचं उत्तर त्यानं फोनवरच बरोबर दिलं. साइट वाचली.

हौसाक्काचं खातं मी त्याच सोमवारी सुरू करून दिलं होतं. तिच्यासाठी वेगळा धागा काढला आणि सगळ्यात वर ठेवला. चार दिवसांत एकशे बावीस पत्ते आले. सुरेखानं वाळका भोपळा एसटीनं कराडला पाठवला, ड्रायव्हरच्या शेजारी, नव्या नवरीसारखा फडक्यात गुंडाळून. टायपिंगच्या मुलींनी एक अख्खी दुपार बसून पाकिटं केली. प्रत्येकात पाच बिया आणि चिमूटभर राख. पत्ते कवठेकरांनी सांगलीहून येऊन आपल्या अक्षरात लिहिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात आजेसासूची दुधी लातूरला, मालवणला, नागपूरला आणि जालन्याला रवाना झाली.

त्याला आता खूप वर्षं झाली. टायपिंगची मशीन गेली, क्लासही गेला. मी पुढे हेच काम करत आले, इंटरनेटवर माणसं जिथे बोलतात त्या जागा स्वच्छ ठेवायचं. आता अडवायची साधनं फार हुशार झाली आहेत आणि यंत्रंही. तरी नवीन जागा हाती आली की मी पहिल्यांदा हेच बघते, की ज्याला येत नाही त्याला तसं म्हणून आत येता येतं का.

पण मला सांगायचंय ते त्या वर्षीच्या भाद्रपदाचं. संध्याकाळी साइट उघडली की पांढऱ्या फुलांचे फोटोच फोटो असायचे. कुणाच्या गच्चीत, कुणाच्या न्हाणीमागे, कुणाच्या तुळशीजवळ. अशाच एका संध्याकाळी नवीन धागा दिसला. लिहिणाऱ्याचं नाव ‘श्रीनिवास कवठेकर’. हरितपर्ण नव्हे. चार वर्षांत हजारभर उत्तरं दिलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न:

‘जिन्याच्या खिडकीत दुधीचा वेल लावला आहे. फुले येतात, परंतु फळ धरत नाही. काय करावे, मला माहीत नाही.’

तासाभरात एकेचाळीस प्रतिसाद आले. मालवणच्या बाईंनी लिहिलं, नागपूरकरांनी लिहिलं, जालन्याच्या सुनेनं सासूला विचारून लिहिलं. सगळ्यांच्या खाली, सुरेखा म्हणाली त्याप्रमाणे पाऊण तास खपून, हौसाक्कानं स्वतः एकेक अक्षर शोधून लिहिलेलं होतं:

‘मास्तर तिसऱ्या माळ्यावर किडं येत नसत्याल नर फूल तोडा मादी फुलावर सांजच्याला टेकवा लाजू नका’